पन्नास पानं तयार ठेवा!

आपण लावलेले दिवे आपणच किती मिरवायचे? पण हा एक सांगतोच. चहा गार झाला तर होऊ दे!

मी शेतकऱ्यांना खतांचा सल्ला देतो. सांगोल्याजवळ बायजाक्का राहतात, एकरभर डाळिंब. पोत्यानं खत घालूनही फळ लिंबाच्या पुढं जाईना! म्हटलं, झाडाची पानं तपासू, म्हणजे नेमकं काय कमी पडतंय ते कळेल. केला फोन.

"आक्का, उद्या सकाळी येतो. पन्नास पानं तयार ठेवा."

"पन्नास? लई व्हत्यात की वो!"

"त्याशिवाय खताचं काम पुढं सरकायचं नाही."

"बरं... ताजीच लागत्याल?"

"म्हणजे काय! शिळी आमच्या साहेबांना चालत नाहीत."

आता सांगा, झाडाचं नाव घेतलं का मी? छे! खतवाल्याला दुसरी कसली पानं लागणार?

सकाळी आमचे ड्रायव्हर सलीमभाई आणि मी जीपनं पोहोचलो. बघतो तर अंगणात चुली पेटलेल्या, जावा-नणंदा शेंगापोळ्या लाटतायत, आणि आमटीचं पातेलं एवढं, की मी आत बसून आंघोळ केली असती! वाटलं, घरात कार्य असेल.

"दोघंच?" आक्का रस्त्याकडं बघत म्हणाल्या. "बाकीची मंडळी कुटं हायती?"

"बाकीचे कोण? पानं तयार आहेत ना?"

"व्हय की. वाढू?"

"वाढू नका, यात भरा." मी वीतभर कागदी पिशवी पुढं केली.

"पन्नास पानं... ह्यात?"

"मावतात हो! नेऊन वाळवायची, दळायची आणि जाळून राख करायची."

आक्कांच्या हातातलं उलथनं खाली पडलं. "सायेब, पहाटंपास्नं राबतोय आमी! खायचं नसंल तर ऱ्हाऊ द्या, पर राख कशापायी?"

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला! डाळिंबाचं एक पान तोडून दाखवलं आणि दोन्ही कान धरले. आक्का पदर तोंडाला लावून अशा हसल्या, की जावांना पाणी आणावं लागलं.

सगळी वस्ती जेवायला बोलावली. एरवी माझ्या सभेला चार माणसं जमत नाहीत, त्या दिवशी पंगतच्या पंगत खताबद्दल ऐकत होती! आक्का माझ्या ताटात वाढतच होत्या. "खावा सायेब, लाजू नका!"

ढेकर देत ऑफिसात परतलो. साहेबांनी विचारलं, "काय, नमुना आणलात?"

पिशवीत बघतो तर काय, रिकामी! पानं तोडायचीच राहिली होती.

सलीमभाईंनी शांतपणे माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लाये ना, साब! ये क्या, सामने खडा है."