माळावरची काळी माती

सत्यभामाबाईच्या शेताला गावात कुणी शेत म्हणतच नसे. सिद्धेश्वरच्या धरणाच्या वरच्या अंगाला, माळाच्या उतरणीवर ते होतं. धरणाचं पाणी तिथून नुसतं दिसायचं. नांगर घातला की खाली मुरूम खरडायचा. नवरा रामकिशन होता तोवर मेंढरांवर घर चाललं. तो पान लागून, म्हणजे साप चावून गेला, मेंढरं दिरानं विकली. बाईजवळ एक म्हैस आणि थोड्या शेळ्या उरल्या. पोटी लेकरू नव्हतं.

पंच्याण्णवच्या सुमारास कृषी महाविद्यालयातली अंजली नावाची पोरगी मातीवर संशोधन करायला आली. तिला अशीच जीव गेलेली जमीन हवी होती. तिनं शेताचे तीन पट्टे पाडले. एकात कंपोस्ट घालायचं, दुसऱ्यात गोणीतलं खत, तिसऱ्यात काहीच नाही.

"मावशी, कुजलेला पाला मातीत मुरला की माती पाणी धरून ठेवते," अंजली म्हणाली. "पण ती लगेच पालटत नाही. दहा-बारा वर्षं लागतात."

"तू येशील न्हवं तवर?"

"येईन की."

दोन पावसाळे ती आली. मग तिचं लग्न झालं, नोकरी लांब लागली. तिच्या जागी एक साहेब आले, तेही बंद झाले. योजना संपली म्हणे. कुणी सांगायलाही आलं नाही.

बाईनं मात्र कंपोस्टचा पट्टा सोडला नाही. शेण, तुरीचा पाला, हरभऱ्याचं कुटार, चुलीची राख, सगळं खड्ड्यात कुजवून ती डोक्यावरून माळावर न्यायची. बाया हसायच्या, "सत्यभामा, काहून उकिरडा वाहून राहिलीस?" ती म्हणायची, "म्याडमनं सांगितलंय." म्याडम येईना तरी ती तेच सांगत राहिली.

आणि माती खरंच पालटली. हळूहळू काळी झाली, मऊ झाली, मुठीत दाबली तर गोळा धरू लागली. आजूबाजूचा हरभरा वाळला तरी तिचा हिरवा राहायचा. त्या हिरव्या पट्ट्याकडे बघत बाई बांधावर बसून भाकर खायची. तिच्या जन्मात तिनं वाढवलेलं तेवढंच होतं.

कसत बाई होती, पण जमीन दिराच्या नावावर होती. एका उन्हाळ्यात बाई बहिणीच्या मयतीला कनेरगाव नाक्याला गेली. परत आली तर माळावर पट्ट्याच्या जागी कमरेएवढा खड्डा होता. दिरानं, प्रभूनं, माती वीटभट्टीला दिली होती.

"परभूभावजी, हे काय केलंत?"

"मातीच तर हाय वहिनी, हितं सोनं व्हतं का?" प्रभू म्हणाला. त्याला खरोखरच काही कळलं नव्हतं.

बाई चालत भट्टीवर गेली. भट्टीवाला लालसिंग माणूस बरा. त्यानं पाणी दिलं. ती म्हणाली, "माजी माती उरली आसंल तर द्या. मी टोपल्यानं नेईन."

लालसिंग ओशाळला. "सगळी थापली, बाई. पण तुमची माती विटंला चालली न्हाई. पाल्याचा अंश लई. भट्टीत पाला जळून गेला, विटा ठिसूळ निघाल्या. हात लावला की भुगा." त्यानं नाल्याकडं बोट केलं. तिथं तांबड्या तुकड्यांचा ढीग ओतलेला होता. बाईनं एक तुकडा उचलला. तो बोटातच फुटला. ओलावा नाही, वास नाही, काही नाही.

बाईनं पट्टा चालू ठेवलाय असं कुणाकडून तरी ऐकून पुढच्या वर्षी अंजली आली. केस पिकू लागले होते, सोबत गाडी होती. "मावशी, एवढा जुना कंपोस्टचा पट्टा जिल्ह्यात दुसरा नाही," ती लांबूनच आनंदानं बोलत आली, आणि खड्ड्यापाशी थांबली. मग म्हणाली, "पुन्हा सुरू करू आपण."

"आता मी तवर कुटं ऱ्हाते, माय," सत्यभामाबाई म्हणाली.

अंजली खड्ड्यात उतरली. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून तळचा मुरूमच तिनं पिशवीत भरला. बाईनं तिकडं पाहिलं नाही. शेळ्या पांगल्या होत्या, त्या वळवायला ती माळावर चढून गेली.