निघालेली गाडी
सुके बोंबील भाजल्याचा वास आला की मला घणसोलीतलं आमचं जुनं ऑफिस आठवतं. खालच्या गावठाणातून तो वास दुपारी खिडकीतून आत यायचा. आमचं ॲप ॲम्ब्युलन्स बोलावण्याचं होतं. आलेली मागणी कुठल्या सर्व्हरकडे पाठवायची, त्याचा पत्ता गेटवेमध्ये, म्हणजे मागण्या पुढे वाटून देणाऱ्या प्रोग्राममध्ये, हाताने लिहिलेला असे. त्या दुपारी मी तो पत्ता काढून नुसतं नाव दिलं; त्या नावाने नोंदवलेला सर्व्हर आता गेटवेनेच शोधायचा. स्क्रीनवरचे सगळे दिवे हिरवे झाले, म्हणून मी डबा उघडला. तेवढ्यात गाड्यांच्या अड्ड्यावरच्या बाईंचा फोन आला, "मॅडम, पेशंटवाले इचारतात गाडी कुठं पोचली. त्यांना निघाली दाखवतंय, पन गाडी तर इथंच उभी हाय, डायवर जेवतोय." मी डबा बाजूला सारून सर्व्हरची यादी उघडली. आमचा टेस्टिंगचा सर्व्हरही त्याच नावाने नोंदवलेला होता, गेटवे खऱ्या मागण्या त्याच्याकडे पाठवत होता, आणि तो कुठल्याही ड्रायव्हरला न कळवता प्रत्येक मागणीला 'गाडी निघाली' एवढंच उत्तर द्यायचा. मी जुना पत्ता परत लिहिला. तोवर किती दारांत माणसं रस्त्याकडे बघत उभी होती, कोण जाणे. आता नेरूळच्या घरात सायरन ऐकू आला की मला बरं वाटतं. भीती वाटते ती सायरन न वाजलेल्या दुपारची.