सँडविच दुसऱ्या कुणाला सांगा

अग्निशमन केंद्राच्या गॅरेजमध्ये शनिवारी सकाळी आम्ही चौदा जण घडीच्या खुर्च्यांवर बसलो होतो. रविवारी दुपारी पॅसिफिकवरून वादळ धडकणार होतं. ओरेगॉनच्या किनाऱ्यावरच्या त्या छोट्या गावाला हिवाळी वादळांचं नवल नव्हतं, पण या वेळी हवामान खात्याची भाषाच वेगळी होती. वीज, फोन, मोबाइल, सगळं जाणार असं धरून चला, असं त्यांनी सांगितलं होतं. सगळं गेल्यावर उरतो तो हॅम रेडिओ. बॅटरी, अँटेना आणि बोलणारा माणूस एवढ्यावर तो चालतो. आम्ही चौदा जण म्हणजे गावातले ते बोलणारे, सगळे हौशी, बिनपगारी.

आमचा प्रमुख लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक चालवून निवृत्त झालेला म्हातारा होता. कागदावरून तो एकेकाचं काम वाचत होता. माझं नाव त्याने नेहमीप्रमाणे चुकीचं उच्चारलं आणि म्हणाला, "तुम्ही शाळेतल्या निवाऱ्यात. किचन. सँडविच आणि कॉफी."

बाकीची नावं वाचून होईपर्यंत मी थांबले. दोन मिनिटंच.

नागपूरच्या टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये परगावचे कॉल जोडण्यात मी एकतीस वर्षं काढली होती. कानाला हेडसेट, समोर बोर्ड, हातात प्लगच्या वायरी. मुंबईचा कॉल जोडताना कलकत्त्याची ऑपरेटर मधेच ओरडायची, लाइनवर समुद्र गाजल्यासारखा आवाज यायचा, आणि तेवढ्यात कुणाचा बाप गेला हे नीट ऐकून दुसऱ्या टोकाला नीट सांगायचं असायचं. पुढे लोक घरून थेट नंबर फिरवू लागले आणि आमचा बोर्ड उचलून नेला. नवरा त्याच्या आधीच गेला होता. लेक इथल्या इस्पितळात डॉक्टर, म्हणून मी इथे आले. लेक दिवसभर ड्यूटीवर, बाहेर पाऊस, घरात मी आणि टीव्ही. एक दिवस लायब्ररीत भिंतीवर कागद पाहिला: हॅम रेडिओची परीक्षा, पस्तीस प्रश्न, नागरिकत्वाची अट नाही. मी पुस्तक घरी आणलं. बासष्टाव्या वर्षी पास झाले. 'डी फॉर दिल्ली' विसरून 'डेल्टा' म्हणायला शिकले, तेवढंच काय ते अवघड गेलं.

दर मंगळवारी संध्याकाळी सगळे जण रेडिओवर हजेरी लावायचे. माझी तिसरी-चौथी हजेरी असेल. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा एक जण सगळ्यांच्या कानांदेखत म्हणाला, "या बाईंचं कुणी परत सांगेल का? मला उच्चार कळत नाहीत." कुणीतरी परत सांगितलं. मी जे बोलले होते तेच. तेव्हापासून माझी हजेरी लागायची, पण काम कुणी द्यायचं नाही. किचनची गोष्ट अशी तिथून आली होती.

"इस्पितळात कोण बसणार?" मी विचारलं.

प्रमुख म्हणाला, "तिथल्या माणसाचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. हे केंद्र आणि इस्पितळ, दोन्हीकडे मीच बघेन."

"दोन्हीकडे कसं बघणार? मधला पूल बंद झाला तर?" मी उभी राहिले. "इस्पितळ मी घेते. तिथलं प्रत्येक दार मला माहीत आहे. सँडविच दुसऱ्या कुणाला सांगा."

तो चांगला माणूस होता, त्यामुळे त्याला बोलणं जड गेलं. "प्रश्न हिमतीचा नाही. समोरच्याला कळलं पाहिजे. इस्पितळाचे निरोप असतात. औषधं, आकडे."

"मग आत्ताच परीक्षा घ्या. माझी घ्या आणि यांचीही घ्या." मी इंजिनवाल्याकडे बोट केलं. माझं इंग्रजी रागात आणखी बिघडतं हे मला माहीत होतं, म्हणून मी मुद्दाम सावकाश बोलत होते.

इंजिनवाला हसला. "चालेल की."

प्रमुखाने दोन निरोप लिहिले. एकात औषधांची नावं, दुसऱ्यात निवाऱ्याला लागणारं सामान. औषधांचा त्याने मला दिला. आम्ही दोघं हातातले छोटे रेडिओ घेऊन पार्किंगच्या पार टोकाला गेलो. वारा सुटला होता, पाऊस तिरपा मारत होता. प्रमुख आत बसून ऐकून लिहिणार होता.

मी पदराची सवय असलेली बाई, रेनकोटची टोपी एका हाताने धरून वाचू लागले. चार शब्द, थांबायचं. औषधाचं नाव आलं की एकेक अक्षर. आकडा आला की एकेक अंक: वन, फाइव्ह. एक्स्चेंजमध्ये पहिल्या महिन्यात हेच घोटून घेतलं होतं, कारण फिफ्टी आणि फिफ्टीन वाऱ्यात सारखेच ऐकू येतात. इंजिनवाल्याने त्याचा निरोप एका दमात वाचला, जन्मभर हीच भाषा बोलणारा माणूस वाचेल तसा.

आत आलो. माझा निरोप अक्षरन् अक्षर बरोबर उतरला होता. त्याच्या पंधरा घोंगड्यांच्या पन्नास झाल्या होत्या. प्रमुखाने इस्पितळापुढचं स्वतःचं नाव खोडलं आणि माझं लिहिलं. स्पेलिंग चुकलं होतं. मी त्याच्या हातातून पेन घेऊन ते दुरुस्त केलं.

त्या दिवशी दुपारी इस्पितळाच्या छपरावर अँटेना बांधली. बांधायला इंजिनवालाच आला, न बोलावता. त्याच्या गाठी पक्क्या होत्या, हे कबूल करायला हवं. केबल दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून आत घेतली, फटीत टॉवेल कोंबला, दोन बॅटऱ्या टेबलाखाली ठेवल्या. तिकडे दूर नेपरव्हिलला राहणाऱ्या माझ्या मुलाचा फोन आला. "आई, प्लीज, पोर्टलंडला तरी जा. मी हॉटेल बुक करतो."

"तुझी बहीण इथे ड्यूटीवर आहे, मीही ड्यूटीवर आहे," मी म्हणाले. "फोन बंद पडला तर घाबरू नकोस." तो घाबरलाच, ते वेगळं.

रविवारी दुपारी तीनच्या सुमारास वीज गेली, तासाभरात फोन गेले. हायवेवर दोन्ही बाजूंना झाडं पडली. पुढचे दोन दिवस मी त्या टेबलापाशीच होते. लेक मधूनमधून यायची, चहा ठेवायची आणि निरोपाचा कागद द्यायची. अग्निशमन केंद्रातून प्रमुख बोलायचा. नदीवरच्या एका घरात ऑक्सिजनच्या मशीनवर असलेले एक आजोबा होते, वीज नव्हती. सिलिंडर इस्पितळात होता. झाडं कापत कापत तो पोचायला पाच तास लागले. ते वाचले. तसाच दुसरा एक निरोप होता, छातीत दुखणाऱ्या माणसाचा. तो मी तितकाच अचूक पोचवला, पण दरड कोसळून रस्ता खचला होता, तिथे कुणी जाऊ शकलं नाही. त्याचं नाव मी एकेक अक्षर करून लिहून घेतलं होतं. ते मला अजून पाठ आहे.

वादळ गेलं, पाचव्या दिवशी दिवे आले. सातव्या दिवशी इस्पितळाच्या कार्यालयातल्या बाईंनी मला बोलावलं. "इमर्जन्सी संपली. खिडकीतली वायर काढून टाका. नियमात बसत नाही."

"काढते," मी म्हणाले. "पुढचं वादळ कोणत्या तारखेला आहे ते लिहून द्या. आदल्या दिवशी लावायला येते."

त्या हसल्या नाहीत. मीही हसले नाही. केबल मी काढली नाही. त्यांनी चिठ्ठी पाठवली, मी उत्तर पाठवलं. दुसऱ्या चिठ्ठीला उत्तर द्यायला प्रमुख स्वतः आला, टोपी हातात घेऊन त्यांच्या टेबलासमोर अर्धा तास बसला. जाताना मला म्हणाला, "मी फक्त एवढंच सांगितलं की, या बाई ऐकणार नाहीत."

जानेवारीत इस्पितळानेच सुतार पाठवला. त्याने खिडकीशेजारच्या भिंतीला भोक पाडलं, नळी बसवली आणि केबल त्यातून नीट आत घेतली. मी शेजारी उभी राहून, पाणी झिरपायला फट राहत नाही ना, ते बघत होते.