फुकट प्रोग्रामच्या अटी व शर्ती

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नगरजवळच्या नागापूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला असलेल्या इंजिनियरने मराठी टायपिंगचा एक प्रोग्राम लिहिला आणि तो फुकट वाटला. नुसता प्रोग्राम नाही. तो आतून कसा लिहिला आहे, म्हणजे ज्याला सोर्स कोड म्हणतात, तेही त्याच फ्लॉपीत घालून दिले. कुणीही उघडावे, दुरुस्त करावे, पुढे द्यावे. याला ओपन सोर्स म्हणतात हे नंतर कळले. तेव्हा नगरमध्ये याला ‘काहीतरी भानगड’ म्हणत.

तो माझ्या गल्लीत राहायचा. मी एका स्थानिक दैनिकात उपसंपादक होतो. शिफ्ट संपवून आला की तो थेट कॉम्प्युटरसमोर बसे; त्याची बायको कॉम्प्युटरचा उल्लेख ‘सवत’ असा करी. शाळा, डीटीपीवाले, एकदोन पतसंस्था तो प्रोग्राम वापरू लागल्या होत्या. मग त्याला परदेशात नोकरी लागली आणि दिवाळीनंतर निघायचे ठरले. प्रोग्रामचे पोट समजणारा दुसरा माणूस आमच्या माहितीत नव्हता. दिवाळीपर्यंत तो मिळाला नाही, तर पहिल्या मोठ्या बिघाडाला सगळा खेळ आटोपणार होता. इतकी वर्षे जागून केलेले काम कपाटातल्या फ्लॉपीत मरणार, हे त्याच्या मनाला लागले होते.

नवी माणसे यायची तर त्यांना वाट दाखवणारी पुस्तिका हवी. ते काम त्याच्या मामांनी घेतले. कुणी देण्याआधीच घेतले. मामा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले; नोकरीभर निविदा लिहून हात बसलेला. भाच्याने नकार देण्याचा प्रश्न नव्हता. आमच्याकडे मामाला नाही म्हणण्यापेक्षा प्रोग्राम बंद पडू देणे सोपे असते.

पुस्तिकेची सुरुवात अशी होती: ‘सदर प्रोग्रामच्या सुधारणेच्या कामी इच्छुक व पात्र व्यक्तींकडून सीलबंद लिफाफ्यात प्रस्ताव मागविण्यात येत आहेत. अशाच स्वरूपाच्या कामाच्या पूर्वानुभवाचा दाखला जोडणे बंधनकारक राहील. कोणताही प्रस्ताव कारण न देता नाकारण्याचा अधिकार राखून ठेवण्यात आला आहे.’ प्रोग्राम सुरू कसा करायचा, हे परिशिष्ट ‘ड’मध्ये होते. परिशिष्ट ‘ड’ छापायचे राहिले.

शुद्धलेखन तपासायला मजकूर माझ्याकडे आला. एकही चूक सापडली नाही. पुढे त्याचा गोषवारा आमच्या दैनिकात प्रसिद्धीला दिला, तेव्हा जाहिरात विभागाने मजकूर वाचून तो एका गटाराच्या निविदेखाली लावला. त्यांच्या वर्गीकरणात दोष काढता येणार नाही.

प्रतिसाद आला. दोनच दिवसांत एक ठेकेदार मोटारसायकलवरून हजर झाला.

“साहेब, साइट कुठं हाय?”

इंजिनियरने कॉम्प्युटर दाखवला.

ठेकेदाराने तो समोरून पाहिला, मग वाकून मागून पाहिला. “एवढीच? मंग माल कुनाचा? तुमचा का आमचा?”

“यात माल नसतो हो. डोकं लागतं.”

“डोकं आमी लावत न्हाई,” ठेकेदार उठत म्हणाला. “लेबर लागलं तर सांगा.”

प्रतिसाद उत्साहवर्धक आहे, असे मामांचे मत पडले.

खरा माणूस आला तो एका रविवारी. सोनईच्या एका शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई एसटीने आल्या. त्या प्रश्नपत्रिका याच प्रोग्रामवर काढत. दुसऱ्या पानावर छपाई अडकायची. बाईंनी सोर्स कोड उघडला, चिकाटीने वाचला, चूक शोधली आणि दुरुस्त केली. दुरुस्ती फ्लॉपीत घालून आणली होती. भाचा त्या दिवशी जादा शिफ्टला होता. घरी मामा होते, आणि पुस्तिकेची मुद्रिते घेऊन बसलेला मी.

“लिफाफा?” मामांनी विचारले.

“फ्लॉपी आहे, काका.”

“ती लिफाफ्यात पाहिजे. अनुभवाचा दाखला आणलाय?”

“मी पहिल्यांदाच केलंय हे.”

“म्हणजे अनुभव नाही.”

“पण चालतंय ते. लावून बघा ना, लगेच कळेल.”

“चालतं की नाही हा पुढचा टप्पा. आधी पात्रता.”

बाईंनी शांतपणे चहा संपवला. “काका, पहिलीत नाव घालायला पोरगं आणलं तर आम्ही त्याच्याकडं पहिली पास झाल्याचा दाखला मागत नाही.”

“म्हणूनच शिक्षणाची ही अवस्था आहे,” मामा म्हणाले.

बाई फ्लॉपी पर्समध्ये टाकून परतीच्या एसटीला गेल्या.

संध्याकाळी भाचा आला. मी झाला प्रकार सांगितला. त्याने एवढेच विचारले, “फ्लॉपी ठेवून घेतली का?”

“नाही. अपात्र ठरली.”

त्याने बूटही काढले नाहीत. तसाच आत जाऊन मामांना म्हणाला, “मामा, पुस्तिका जरा आपुलकीची करा. माणसाला या बसा म्हटल्यासारखं वाटलं पाहिजे.”

मामांनी सूचना मान्य केली. दुसऱ्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर आंब्याच्या पानांचे तोरण आले, दोन बाजूंना दोन कलश आले आणि मध्ये मोठ्या अक्षरांत ‘सुस्वागतम्’ आले. आतल्या अटी जशाच्या तशा राहिल्या. फक्त एक वाढली: ‘मुखपृष्ठावरील स्वागताचा स्वीकार केल्याशिवाय पुढील पाने उलटू नयेत.’

पुढच्या रविवारी भाच्याने स्कूटर काढली आणि मला मागे बसवून सोनई गाठली. शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत बाई होत्या. शेजारी दूध संकलन केंद्रावर पावत्या काढणारा एक गृहस्थ बसला होता. इंजिनियरने आधी बाईंची फ्लॉपी लावली. दुसरे पान छापून आले, तिसरेही आले. त्याने दुरुस्ती तिथल्या तिथे मूळ प्रोग्रामात घेतली. पात्रतेचा विषय निघाला नाही.

मग त्याने सगळा प्रोग्राम समजावून सांगायला घेतला. दहाएक वाक्ये झाल्यावर दूधवाल्याने हात वर केला.

“साहेब, ह्ये चालू कुठनं करायचं?”

“ते सोपं आहे हो.”

“तुमाला हाय. मला आमच्या पावतीवरची उलटी तारीख सरळ करायचीय, अन मी आजून दारातच हुबा हाय. कुठं लिवलंय का ते?”

इंजिनियरने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहिले.

“नाही लिहिलेलं,” तो म्हणाला.

बाईंनी दूधवाल्यापुढे कोरा कागद सरकवला. “मग तुम्हीच लिहा. आज लिहा, दादा. जिथं जिथं अडाल तिथलं. उद्या तुम्हाला सगळं सोपं वाटायला लागेल, मग तुमचाही काही उपयोग नाही.”

“माझं अक्षर घान हाय, बाई.”

“टाईप करा. मराठी टायपिंगचाच प्रोग्राम आहे.”

त्याने एका बोटाने टाईप केले: ‘फ्लॉपी घाला. काळा पडदा आला तर घाबरू नका, तो तसाच असतो.’ इंजिनियरने ते दोनदा वाचले. त्याने स्वतः लिहिले असते, तर काळ्या पडद्याला कुणी घाबरते हे त्याच्या कधी ध्यानात आले नसते. संध्याकाळपर्यंत कागद भरला आणि उलटी तारीख सरळ झाली. तेव्हापासून सोनईला तोच रिवाज पडला. नवा माणूस आला की त्याच्या हातात तो कागद द्यायचा, आणि जिथे तो अडखळेल तिथे त्यानेच कागद दुरुस्त करायचा. प्रोग्रामला हात नंतर.

निघण्यापूर्वी इंजिनियर उरलेल्या रविवारी सोनईलाच जात राहिला. शेवटच्या खेपेला त्याने सगळ्या फ्लॉप्या बाईंच्या टेबलावर ठेवल्या.

विमानासाठी मुंबईला निघाला त्या दिवशी मामा एसटी स्टँडवर निरोपाला आले होते.

“प्रोग्रामचा ताबा कुणाला दिलास?”

“सोनईच्या बाईंना.”

“कोणत्या अटींवर?”

“चालू ठेवा म्हटलं.”

“लेखी?”

“तोंडी.”

गाडी सुटली. मामा ती वळेपर्यंत हात हलवत उभे होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “हा तिकडं टिकायचा नाही.”