पांढऱ्या काठाचं रोप

आता हसून सांगतोय खरा, पण तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं!

मी बुलढाण्याच्या शाळेत हंगामी मास्तर. कायम व्हायचं तर हेडमास्तरांची शिफारस नागपूरच्या शिक्षण कचेरीत जायला हवी. आणि हेडमास्तरांचा जीव कशात? घरामागच्या सावलीतल्या एका कुंडीत! कुठल्याशा थंड हवेच्या गावाहून आणलेलं वीतभर विलायती रोप. पण काय पान हो! मधे गर्द हिरवं आणि कडेनं पांढराशुभ्र काठ. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नकळत चपला काढून उभा राहिलो. एका पानाची कड रंगवायला देवाला एवढी सवड मिळते कधी?

रजेवर जाताना सर म्हणाले, "कुंडी तुमच्या घरी सावलीत ठेवा. सांभाळलंत, तर आल्याबरोबर शिफारस करतो."

तेवढ्यात पिंपळगाव राजा या गावाहून सासरे आले. जन्म शेतीत गेलेला. कुंडीपुढे उकिडवे बसले.

"जवाईबापू, हे बिमार हाय. पानं कडेनं पांढरी पडून राह्यली, दिसत नाही का तुमाले?"

"अहो मामा, ते असंच असतं!"

"असंच? माह्या वावरातली कपाशीची पऱ्हाटी अशीच पांढरी पडली होती. गेली ना सारी!"

आता सांगा, मी स्वस्थ कसा बसणार? रोप गेलं की नोकरी गेली! शेणखत घातलं, ताक ओतलं, दिसेल ते पांढऱ्या काठाचं पान खुडत सुटलो. आणि एके सकाळी बुडातून हिरवागार कोंब! ना काठ, ना डाग. मी चक्क हात जोडले.

"तुमच्या हाताले गुण हाय हो!" बायको म्हणाली.

झालं! सारी गल्ली बघायला लोटली. शेजारच्या काकू सुकलेली तुळस घेऊन आल्या, "मास्तर, इलेही हात लावा." मी तोंडानं नको नको म्हणत होतो आणि हात लावत होतो!

सर आले. कुंडीपुढे वाकून एकेक पान हळूच चाचपू लागले. मला वाटलं, गहिवरले.

"मास्तर, काठ कुठे गेला?"

"रोग होता, सर! एकूण एक पान काढलं. आता पुन्हा येणार नाही!"

"अहो, त्या काठासाठीच तर आणलं होतं..." सर मटकन ओट्यावर बसले.

पण माणूस शब्दाचा पक्का! शिफारस नागपूरला पाठवली, तिथून हुकूम आला, मी कायम झालो. डोणगावला! तिथली शाळा पाहिली आणि सरांच्या दूरदृष्टीपुढे थक्क झालो. सबंध आवारात एक झाड नव्हतं.