मालकासमोर दिलेलं उत्तर

सगळ्यांना स्टीलची ताटं आली. मला कागदी प्लेट.

हॉलमध्ये टेबल मांडलं होतं. मॅडम बसल्या. पुण्याहून त्यांच्यासोबत आलेले दोन विद्यार्थी बसले. गाडीचा ड्रायव्हरही बसला. मी हात धुऊन येईपर्यंत घरची बाई दारात येऊन उभी.

"आडनाव काय म्हनलीस गं तुझं?"

मी सांगितलं. आमच्याकडं आडनाव सांगितलं की वस्ती कळते. बाई हसली. गोडच हसली.

"तू तिकडं गोठ्यापाशी बस. सावली हाय. गार लागतं तिथं."

गोठ्यापाशी एक पालथी बादली होती. तिच्यावर बसले. गडी आला, प्लेट हातात न देता कठड्यावर ठेवून गेला. वरणानं प्लेट भिजली, वाकली, ओघळ माझ्या ओढणीवर आला. आतून मॅडमचा आवाज येत होता. भाजीची तारीफ करून राहिल्या होत्या.

काळ बदलला म्हणतात. बदललाच की. माझ्या मायला वळचणीला खोचून ठेवलेल्या फुटक्या कपात चहा मिळायचा. मला वापरून फेकायची प्लेट मिळाली. ड्रायव्हर आत जेवला, आणि मी अर्थशास्त्रात एम.ए. झालेली पोरगी गोठ्याशी. म्हणजे गरिबीचा मामला नव्हता. शिक्षणाचा तर नव्हताच.

मी जेवले नाही. प्लेट म्हशीपुढं सरकवली आणि उठले.

आम्ही तिथं कशाला गेलो होतो ते सांगते. मॅडम पुण्याच्या एका संस्थेत मजुरीवर संशोधन करतात. गावातल्या बाया काय काम करतात, काय मिळतं, ते काम कसं आहे, माणसानं करण्यासारखं आहे का, हे त्यांना शोधायचं होतं. कनेरगाव नाक्यावरून आत एक गाव आहे, हळदीचं. ते त्यांनी निवडलं. मला घेतलं कारण मी याच जिल्ह्यातली, हट्ट्याकडची. भाषा माझी, बाया माझ्या.

प्रश्न पुण्यातच तयार झाले होते. एक प्रश्न होता, 'कामाच्या ठिकाणी आपणांस सन्मानजनक वागणूक प्राप्त होते का?' मी म्हटलं, असं कुणाला कळणार न्हाई. 'मालक तुमच्याशी माणसासारखा वागतो का?' असं विचारू. मॅडम खूश झाल्या. "तुझ्यासारखीच मुलगी हवी होती आपल्याला," म्हणाल्या. मला घरी जाईपर्यंत ते वाक्य पुरलं. मायलाही सांगितलं.

जेवण झाल्यावर मॅडम बाहेर आल्या. मी त्यांना गाडीमागं गाठलं.

"मॅडम, मला गोठ्यात बसवलं त्यांनी."

"पाहिलं मी," त्या म्हणाल्या. पाहिलं होतं! "मलाही वाईट वाटलं गं. पण आत्ता नको. यांच्याच ओळखीनं गावात काम होतंय. हे नाही म्हणाले तर अख्खं गाव हातचं जाईल. तू समजून घेशील ना?"

मी मान हलवली. त्याची लाज अजून आहे मला.

दुपारी मुलाखती सुरू झाल्या. मजूर बायांच्या घरी जायचं ठरलेलं होतं. पण आबासाहेब, म्हणजे ज्यांच्याकडं जेवण झालं ते मालक, म्हणाले, "उन्हातान्हात कशाला फिरता? सगळ्या इथंच कामावर हायेत. एकेकीला बोलावतो." मॅडमनी आभार मानले.

अंगणात उकडलेली हळद पसरली होती. पलीकडं हळद शिजवायचा कुकर धडधडत होता. पहिली आली गयाबाई. पन्नाशीची असेल. हात कोपरापर्यंत पिवळे. माझ्या मायचेही या दिवसांत असेच असतात. मला खुर्ची, तिला जमीन. मी खुर्ची सोडून तिच्याजवळ खाली बसले. आबासाहेब चार हातांवर बाजेवर टेकले, चहाचा कप घेऊन.

"मावशी, काम कसं वाटतं?"

गयाबाईनं मालकाकडं पाहिलं.

"खुश हाय ती," मालक म्हणाले. "लिव्ह."

"मावशी, तुमी सांगा."

"बरं हाय," ती म्हणाली.

तिनं पदर पुढं ओढला तेव्हा हात दिसला. मनगटापासून वर कातडी सोललेली, लाल. मी विचारलं, "हे कशानं?"

"घरी चुलीवर भाजलं तिला," मालक.

"व्हय," गयाबाई म्हणाली. "घरीच."

चुलीचं भाजलेलं असं नसतं. कुकरचं झाकण उघडताना वाफ लागली की अशी कातडी जाते. मायच्या हातावर तो वण आहे. लहानपणी मी त्याच्यावर खोबरेल लावायची. पण पुढचा प्रश्न टॅबवर उघडून बसला होता. मालक तुमच्याशी माणसासारखा वागतो का? माझेच शब्द.

माझ्यानं विचारवेना. त्या बाईला त्या माणसासमोर हे विचारणं म्हणजे तिला आणखी एकदा खोटं बोलायला लावणं. आणि ते खोटं मीच गोळा करणार होते.

मी उठले.

"आबासाहेब, तुमी जरा आत जा. तुमच्यासमोर ती बोलणार न्हाई."

कप बाजेवर टेकला. "माझ्या अंगणातून मलाच ऊठ म्हणती? कोणाची गं तू?"

"हट्ट्याकडच्या बौद्धवाड्यातली. माय हळदीच्याच कामाला जाते. आणखी काय सांगू?"

मॅडम धावत आल्या. माझा दंड धरून बाजूला नेलं. "काय करतेस? ती जे सांगेल ते लिहायचं. आपण कुणाची बाजू घ्यायची नसते."

"मॅडम, मला गोठ्यात बसवलं तेव्हा तुमी कोणाच्या बाजूला होता?"

मी टॅब त्यांच्या हातात दिला आणि नाक्यापर्यंत चालत आले.

संध्याकाळी त्यांच्या विद्यार्थ्याचा फोन आला. उद्यापासून येऊ नकोस म्हणाला. कामावरून काढायला एवढं पुरलं. नेमणुकीचं पत्र मला दिलंच नव्हतं. 'तुमच्याकडे कामाचा लेखी करार आहे का?' हा प्रश्न मी दुसऱ्यांना विचारत फिरत होते.

पुढं मी एकटी गयाबाईच्या घरी गेले. वाटलं होतं, ती बरं म्हणेल. ती चिडली.

"तू गेलीस तरातरा निघून. मला सकाळी तिथंच जायचं व्हतं. मालक म्हनला, तूच काहीतरी सांगितलं असशील तिला. आता कामाला बोलवून न्हाई राहिला."

मी उंबऱ्यात बसले. मग ती म्हणाली, "वाफेनंच भाजलं व्हतं. दवाखान्यात न्हाई नेलं. हळद लावली वरून आन् कामाला लावलं. तवा काहून न्हाई आलीस एकटी? काहून त्याच्यासमोर इचारलंस?"

तेव्हापासून मी एकटीच जाते, मजुरांच्या वस्तीवर, त्यांच्या उंबऱ्यात. पीएच.डी.ला नाव घातलंय. गयाबाईचं काम माझ्यामुळं गेलं, ते ओझं माझं आहे, ते मी कुणावर टाकणार नाही. पण मालकाला खाटेवर बसवून मजुराला विचारलेलं एकही उत्तर मी खरं मानणार नाही. कितीही मोठ्या माणसाच्या अहवालात ते छापून येवो. भर सभेत उभी राहून विचारीन, ही बाई बोलली तेव्हा समोर कोण बसलं होतं? मला खाली बस म्हणतील.

बसणार न्हाई.