पंपातलं रबरी चाक

शिडाची बोट पावसाळाभर किनाऱ्यावर ओढून ठेवली होती. आज मिस्त्रींनी समुद्राचं पाणी ओढून इंजिन थंड ठेवणारा पंप उघडला आणि आतलं रबरी चाक माझ्या हातात दिलं. एका बाजूची पाती वाकली होती. मी बोटाने सरळ केली. सोडताच पुन्हा वाकली.

"चार महिने पंपात दबून राहिली, वैनी. दादा बोट वर घेतली की पहिलं हे काढून ठेवायचे."

"यंदा राहून गेलं," मी म्हटलं. "नवं बसवा."

जुनं हातातच राहिलं. आता दाबणारं काहीच नव्हतं, तरी पाती तशीच.

हे गेल्यापासून अख्खा पलंग मोकळा आहे. मी अजून भिंतीला चिकटूनच झोपते.